तीन वाजताची सफाई

अकोल्याच्या त्या इंटरनेट कंपनीत मिस्बाह लागली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण कॉम्प्युटरचं काम करणार. डिप्लोमा होता, पहिला वर्ग होता, अब्बांनी अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले होते. आणि दोन वर्षं झाली तरी बाई करत काय होती? तर दिवसभर सेशन उडवत होती. सकाळी आली की सेशन, जेवताना सेशन, घरी निघताना चप्पल पायात आणि हात माउसवर.

हे सेशन काय असतं ते आधीच सांगून टाकतो, नाही तर पुढं तुम्ही मलाच विचाराल. एसटीत जागा धरायला आपण खिडकीतून रुमाल टाकतो की नाही? तसंच. गिऱ्हाइकानं आयडी-पासवर्ड टाकला की कंपनीच्या सर्व्हरवर त्याच्या नावाचा रुमाल पडतो. एका आयडीला एकच जागा. गिऱ्हाईक नीट बंद करून उठलं की जागा मोकळी. पण त्या वर्षांत वऱ्हाडात नीट बंद करून उठायला वेळ कोण देत होतं? भारनियमन! लाइन गेली की घरातला इंटरनेटचा डबा फटकन मरायचा आणि गिऱ्हाईक उठल्याचं सर्व्हरला कळायचंच नाही. रुमाल तसाच पडून. तीन तासांनी लाइन आली की तोच माणूस परत चढायला जायचा आणि सर्व्हर त्याला सांगायचा, या नावाचा माणूस आधीच आत आहे. अरे, तो माणूस मीच आहे ना! पण ऐकतो कोण? मग फोन, मग आरडाओरड, आणि सगळं ऐकून घ्यायला एकटी मिस्बाह.

यावर इलाज नव्हता असं नाही. सर्व्हरमध्ये एक सेटिंग होती. दहा मिनिटं डब्याकडून काही हालचाल आली नाही की रुमाल आपोआप उचलायचा. अर्ध्या तासाचं काम. पण सर्व्हर अमरावतीला, त्याच्या किल्ल्या महादेवरावांकडे, आणि महादेवराव म्हणजे कंपनीचे टेक्निकल हेड. मिस्बाहनं त्यांना सहा वेळा मेल केली. सहाही वेळा उत्तर एकच, "बघू." कधी बघणार होते देव जाणे! नवा आयडी काढायचा तर अमरावती, पासवर्ड बदलायचा तर अमरावती, कुठल्या घरचा डबा लागलाय ते पाहायचं तरी अमरावती. अकोल्याला परवानगी फक्त रुमाल उचलायची.

मग मिस्बाहनं स्वतःच डोकं लावलं. वीज कंपनीनं छापलेलं भारनियमनाचं वेळापत्रक तिनं टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. बार्शीटाकळीची लाइन बारा ते तीन जाते ना? मग तीनला लाइन यायच्या वक्तालाच बार्शीटाकळीचे सगळे रुमाल एकदम उचलून टाकायचे. एक कमांड, एक बटन, आणि दोनशे गिऱ्हाइकांची जागा मोकळी. फोनच येणार नाही. पहिले दोन महिने ती बटन दाबायच्या आधी तिथल्या सबस्टेशनला फोन करून विचारायची, "भाऊ, गेली होती ना लाइन?" तिथला ऑपरेटर शालिकराम रोज सांगायचा, "गेली होती न मॅडम." रोज तेच उत्तर. मग तिनं विचारणं सोडून दिलं. लाइन जायची यावर तिचा जेवढा विश्वास बसला होता तेवढा दुसऱ्या कशावरच नव्हता.

आता ऐका त्या दिवसाचं. दोन हजार दहाचा जुलै. पहिली पेरणी उन्हानं जाळून टाकलेली, दोन दिवसांपूर्वी जरा शिडकावा झाला म्हणून लोक दुबार पेरणीला लागलेले. मिस्बाहनं घड्याळात तीन वाजलेले पाहिले, बटन दाबलं, आणि जेवणाचा डबा उघडून दुपारचा उरलेला पराठा काढला. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच फोन.

"मॅडम, देवमन बोलून राहिलो, बार्शीटाकळीहून!" देवमनचं बसस्टँडजवळ नेट कॅफे होतं. गावात लोकांना बसून नेट वापरायची तेवढी एकच जागा. "आमाले मधातच बाहेर फेकलं वो! आता चढूनच नाई राहिलं. म्हणते, आयडी चालू हाय!"

"लाइन आत्ताच आली ना भाऊ, थांबा, मी मोकळं करते."

"लाइन? लाइन आज गेलीच नाई मॅडम! सकाळपासून चालू हाय!"

मिस्बाहच्या हातातला पराठा हातातच राहिला. गेलीच नाही? तिनं भिंतीकडे पाहिलं. बारा ते तीन, छापलेलं, शिक्क्यासकट. म्हणजे आत्ता आपण जे दोनशे उडवले ते मेलेले नव्हते, चांगले जिवंत, काम करत बसलेले होते. या अल्ला!

"मॅडम, ऐकून राहिले ना? इथं आरती बसली हाय, वामनरावची पोरगी. इंजिनिअरिंगचा ऑप्शन फारम भरून राहिली. पाच वाजेपर्यंत आजची शेवटची तारीख. सारं भरून झालं, फक्त कन्फर्मचं बटन राहिलं होतं, अन् तेवढ्यात फेकलं तुमच्या नेटनं!"

"कन्फर्म नाही केलं तर?"

"तर भरलेलं मातीत! ॲडमिशनमंदी नावच येणार नाई."

मिस्बाहनं सांगायला हवं होतं की मीच फेकलं. नाही सांगितलं. "सर्व्हरला काहीतरी झालंय," ती म्हणाली आणि स्वतःचाच तिला राग आला. तिनं देवमनचा आयडी शोधला, रुमाल उचलला. "चढा आता."

"नाई ना! तेच म्हणते!"

तिनं परत उचलला. पडद्यावरून नाव गेलं आणि दोन सेकंदांत परत येऊन बसलं. परत उचलला, परत बसलं. चौथ्यांदा तिनं माउस असा आपटला की शेजारच्या केबिनमधला माणूस डोकावून गेला. मेलेलं सेशन असं परत येत नसतं. ते एकदा उडवलं की गेलं. हे तर कोणीतरी जागेवर टपूनच होतं.

"देवमनभाऊ, तुमचा डबा पूर्ण बंद करा. पिन काढा भिंतीतून."

"काढली."

तिनं रुमाल उचलला. दोन सेकंद. नाव परत हजर.

"भाऊ, तुमचा आयडी तुम्ही कोणाला दिलाय?"

"मी? कोणालेच नाई! आईची शपथ!"

"मग तुमची पिन काढलेली असताना तुमच्या नावानं आत कोण बसलंय, भूत?"

"मले काय मालूम वो! नेट तुमचं, भूत बी तुमचंच असन!"

वा! आयडी गावभर वाटणार हे, आणि भूत आमचं! मिस्बाहनं दात आवळले आणि दुसऱ्या फोनवरून अमरावती लावली. महादेवराव जेवायला गेले होते. साडेतीनला लागले.

"सर, बार्शीटाकळीचा एक आयडी दोन ठिकाणी वापरला जातोय. पासवर्ड बदला, दोन मिनिटांचं काम आहे. एका मुलीचा फॉर्म आहे, पाचची वेळ आहे."

"पासवर्ड बदलायला कस्टमरचा अर्ज लागतो," महादेवराव म्हणाले. मागं पाणी ओतल्याचा आवाज आला. "सही असलेला. स्कॅन करून मेल कर म्हणा."

"सर, त्याचं नेटच बंद आहे. तो मेल कशी करेल?"

"मग फॅक्स."

"बार्शीटाकळीत फॅक्स कुठंय सर?"

"नियम नियम असतो, मिस्बाह. मागं एकदा फोनवर बदलला तर केवढं प्रकरण झालं, माहीत आहे ना? निदान त्याला तुझ्याकडे पाठव अर्ज घेऊन."

"आत्ता निघाला तरी पाच वाजतील सर!"

"मग मी काय करू?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. घ्या! ज्याच्या हातात सगळं, तोच विचारतो मी काय करू. मिस्बाहला वाटलं, अमरावतीला जावं आणि तो सर्व्हर उचलून वडाळी तलावात टाकावा. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, रागानं. पण रडायलाही वेळ नव्हता. पावणेचार झाले होते.

एक गोष्ट सुचली. "भाऊ, आरतीला फोन द्या. आरती, मी मिस्बाह. तुझा फॉर्मचा नंबर आणि पासवर्ड सांग. मी इथून कन्फर्म दाबते."

 पलीकडची पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "सरांनी सांगितलंय ताई, पासवर्ड कोणालेच सांगायचा नाही." बघा, गावात एक माणूस असा निघाला जो पासवर्ड कोणाला सांगत नाही, तो नेमका आज. पण शेवटी सांगितला तिनं, अक्षर अक्षर करून. मिस्बाहनं फॉर्मची वेबसाइट उघडायला घेतली आणि पडद्यावर लाल पाटी आली, या कार्यालयात ही वेबसाइट पाहण्यास परवानगी नाही. कर्मचारी टाइमपास करतात म्हणून महादेवरावांनी मागच्याच महिन्यात अकोला ऑफिसचं बाहेरचं सगळं बंद केलं होतं. दोन जिल्ह्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात इंटरनेट नाही! हसावं की भिंतीवर डोकं आपटावं? तिनं दोन्ही केलं नाही. फोन परत देवमनला द्यायला सांगितला.

"देवमनभाऊ, आता नीट ऐका. शपथा पुरे झाल्या. मी तुमच्यावर कुठली कारवाई करणार नाही, कंपनीला कळवणार नाही, पण तुमचा आयडी दुसऱ्या कोणाच्या घरी लागलाय आणि त्या घरानं आरतीची जागा अडवून ठेवलीय. ते घर बंद झालं नाही तर तिचं वर्ष जाईल, आणि ते तुमच्या डोक्यावर. बोला, कोणाला दिलाय?"

 मग देवमननं सांगून टाकलं, "एकच घर हाय मॅडम. रात्री कॅफे बंद झालं की माहा आयडी नुसताच पडून राह्यते, म्हून म्हणलं, पोरीच्या अभ्यासाले कामी येईन. माह्या घराच्या शेजारचं घर. तेवढा शेजारधर्म पाळाच लागते ना माणसाले? अन् थे दिवसा लावतच नाई कधी."

"पण कोणाचं घर?"

"आता ह्यायचंच. वामनरावचं."

मिस्बाहनं डोळे मिटून घेतले. म्हणजे आरतीला तिच्याच घरानं बाहेर ठेवलं होतं.

तिकडे आरतीचा आवाज आला, "अव माय! आमचाच डबा?" आणि मग एकच गलका. पोरगी बोलत होती, देवमन बोलत होता, आणि त्यातून मिस्बाहला जे समजलं ते असं. आरतीच्या घरी जुना कॉम्प्युटर होता आणि कंपनीच्या खांबावरून देवमननंच ओढून दिलेली वायर होती. रोज दुपारी लाइन गेली की आरतीची आई, मैनाबाई, घरातली सगळी बटनं बंद करून ठेवायची. लाइन झटक्यानं येते आणि वस्तू जळते, टीव्ही असाच गेला होता त्यांचा. त्यामुळे घरचा डबा दिवसा बंदच असायचा. आज लाइन गेली नाही, बटनं बंद झाली नाहीत, डबा सकाळपासून जागेवर टपून दारात उभा होता. मिस्बाहनं तीन वाजता देवमनला उठवलं आणि दुसऱ्या सेकंदाला हा आत जाऊन बसला.

"घरी फोन लावा! पळा कोणीतरी!"

"घर गावाच्या त्या टोकाले हाय. लावतो, लावतो." देवमननं दुसऱ्या मोबाइलवरून मैनाबाईला लावलं. मिस्बाहला इकडून एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "काकू, तो डबा बंद करा! डबा! नाई, पोळ्यायचा नाई! अवो काकू, हिरवे दिवे लुकलुकते तो! कॉम्प्युटरजवळचा! काय? मिक्सर नाई, मिक्सर नाई!" सव्वाचार. "काकू, तुमी असं करा, घराचं मेनस्विचच पाडा!"

एक मिनिट गेलं. "पाडलं म्हणते मॅडम."

मिस्बाहच्या पडद्यावर देवमनचं नाव अजून होतंच. असणारच. घरचा डबा पण नीट बंद होऊन कुठं उठला होता? त्याचाही रुमाल पडलेलाच. पण हा मेलेला होता. तीन वाजल्यापासून तिच्या हाताखालून गेलेला हा पहिला खरा मेलेला. तिनं उचलला आणि श्वास रोखून पाहत राहिली. दोन सेकंद. पाच. दहा. जागा मोकळी राहिली.

"लावा पिन!"

पिन लावली, डब्याला जाग यायला चार मिनिटं गेली, मग वेबसाइट उघडेना, कारण महाराष्ट्रभरातली पोरं त्याच वक्ताला तिच्यावर तुटून पडलेली. पाचला वीस कमी. पाचला बारा कमी. मिस्बाह फोन कानाला लावून नुसती बसली होती. पलीकडे माउसची टिकटिक चाललेली. दुसरे फोन वाजत होते, वाजू दे. ज्या पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं तिच्यासाठी ती मनातल्या मनात कुराणातल्या आयती म्हणत होती.

पाचला चार कमी असताना आरती ओरडली, "झालं ताई! कन्फर्म झालं!" आणि देवमन म्हणाला, "मॅडम, तुमी नसत्या तर पोरीचं वर्ष गेलं असतं, खरं सांगतो." मिस्बाहनं फोन ठेवला. तिला त्या वाक्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी, पावणेतीनला, ऑफिसात एक माणूस आला. धोतर, पांढरी टोपी, पायांना काळी माती लागलेली, हातात कापडी पिशवी. "मिस्बाहबाई कोण?" म्हणाला. ते वामनराव होते, आरतीचे वडील. पिशवीत घरच्या तुरीची डाळ होती, मैनाबाईनं जात्यावर भरडलेली. पोरीला अमरावतीचं कॉलेज लागलं होतं.

"काका, हे कशाला?"

"असू दे बेटा. देवमननं सारं सांगतलं. तू इथून झटली म्हून जमलं." मग खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि जरा ऐटीतच म्हणाले, "पण म्या बी त्या दिशी कमी नाई केलं, हं. पेरणीचे बैल तसेच उभे ठेवले अन् सकाळी नऊ वाजता सबस्टेशनात जाऊन बसलो. शालिकरामले म्हणलं, बापा, आज बाराले आमची लाइन पाडू नको, पोरगी फारम भरून राहिली. तो म्हणे, वरून ऑर्डर हाय. म्हणलं, मंग पाड, पण मी इथून हालत नाई. जेवलो नाई, उठलो नाई. शेवटी त्यानं वरच्या साहेबाचे पाय धरले अन् आमची लाइन पाचनंतरवर ढकलली. सारी जिंदगी लाइनसाठी भांडलो मी, पण त्या दिशी एक मिनिट जाऊ देली नाई!"

मिस्बाहला भिंतीवरचं वेळापत्रक दिसत होतं. ती काही न बोलता डाळ घेऊ शकली असती. माणूस खूश होता, पोरीचं काम झालं होतं, कोणाचं काय अडलं होतं? पण पाच दिवस दाबून ठेवलेलं आता दाबवेना.

"काका, आरतीला मीच बाहेर काढलं होतं," ती म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं. रोज तीनला बटन दाबते ते, लाइन गेलीच असणार असं धरून चालते ते, आधी विचारायची आणि मग आळस केला ते. घरचा डबा कसा आत घुसला तेही. एकही गोष्ट सोडली नाही.

वामनराव ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मग भिंतीवरच्या त्या छापील कागदाकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "लाइन रोजच्यावानी गेली असती, तर पोरगी तीन वाजता बसली असती अन् आरामात झालं असतं?"

मिस्बाहनं मान हलवली. हो.

"अन् मी दिवसभर जी धरून बसलो होतो..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. टोपी घातली, उठले. पिशवी टेबलावरच राहू दिली. मिस्बाहनं ती पुढं केली तर म्हणाले, "ठेव. डाळीनं काय केलं?" दारापाशी जाऊन वळले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "तीन वाजून राहिले. पहिले इचारून घे."

ते गेले. मिस्बाहनं बटनावरचा हात काढला आणि किती तरी महिन्यांनी सबस्टेशनचा नंबर फिरवला.

"शालिकरामभाऊ, कंपनीतून मिस्बाह. आज लाइन गेली होती का?"

"गेली होती न मॅडम," शालिकराम म्हणाला. "रोजच जाते. काहून विचारून राहिल्या?"